माजघराचा रंग

आमच्या माजघराच्या भिंतींना काही एक रंग होता, हे तो नाहीसा झाल्यावर आमच्या लक्षात आलं. तोवर त्याला कुणी रंग म्हटलंच नव्हतं. गल्लीतली बाकीची घरं दरवर्षी दिवाळीच्या आधी आतून-बाहेरून चुन्यानं पांढरी व्हायची. आमच्याकडे चुना लागायचा तो फक्त पुढच्या सोप्याला, कारण तिथं आप्पांचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकाला पितळ नीट दिसायला हवं. आत मात्र आई चुना लावू द्यायची नाही. आम्ही जैन. भिंतीच्या फटीफटींत मुंग्या, कोळी, बारीक किडे नांदत असतात, आणि ते झोंबरं पाणी अंगावर गेलं की ते जागच्या जागी मरतात, असं तिचं म्हणणं. कुंकवाच्या करंड्याएवढं जाळं काढायचं असलं तरी ती जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानं कोळ्याला आधी बाजूला करायची आणि मग जाळं काढायची. त्यामुळं माजघराच्या भिंती वर्षानुवर्षं तशाच होत्या. चुलीची धग, धूर, दळणाचं पीठ, माणसांचे हात असं सगळं त्यांच्यावर बसत गेलं होतं. शाळू दळून चाळल्यावर परातीत जसा दिसतो, तसा काहीतरी तो रंग होता. खाली जमिनीजवळ जरा गडद, वर तुळयांकडे धुरकट. दुपारी परसाकडच्या दारातून ऊन आत आलं की सगळी खोली ऊबदार दिसायची.

दिवस बुडायच्या आत आमची जेवणं व्हायची. दिवा लावून जेवायचं नाही, कारण दिव्यावर जीव येतात. मला आठवतं, चार वाजल्यापासून घरात घाई सुरू व्हायची. आई चुलीपुढं भाकऱ्या थापायची, त्या थापण्याचा आवाज आणि बाहेर गल्लीतल्या तांबटांच्या हातोड्यांचे ठोके एकमेकांत मिसळून जायचे. आमची गल्लीच भांड्यांची. दिवसभर ठक ठक ठक. पाहुणे आले की म्हणायचे, तुम्हाला ऐकू येतं तरी कसं? आम्हाला ते ठोके ऐकूच यायचे नाहीत, बंद पडले की मात्र कान टवकारायचो. आप्पा दुकानात बसून प्रत्येक तांब्याला नखानं टिचकी मारायचे, मान तिरकी करून नाद ऐकायचे आणि मग तो उजवीकडे किंवा डावीकडे ठेवायचे. उजवीकडचा चांगला. असे ते कमी बोलणारे होते. त्यांना काय वाटतं हे त्यांनी वस्तू कुठं ठेवली त्यावरून ओळखायचं.

अक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिचं नाव राजमती, पण आईचं माहेर गडहिंग्लजच्याही पलीकडचं, कानडी मुलखाला लागून, म्हणून आमच्याकडे मोठ्या बहिणीला अक्काच म्हणायचं. तिचे केस दाट आणि लांब होते आणि आई त्यांना रोज खोबरेल चोपडायची. स्वयंपाकघराचं दार आणि भांड्यांचं मोठं लाकडी कपाट यांच्यामध्ये भिंतीचा हातभर तुकडा मोकळा होता. तिथं पाट मांडून, भिंतीला डोकं टेकून अक्का बसायची. डाळ निवडायची, चोळी शिवायची, नाहीतर माझं शाळेचं पुस्तक घेऊन बोट फिरवत अक्षरं लावायची. आई दिवसातून एकदा तरी ओरडायची.

"राजू, भिंतीला डोकं टेकू नको म्हणून किती येळा सांगू? तेलकट व्हतंय की!"

"व्हय गं," म्हणून अक्का डोकं पुढं घ्यायची, आणि दहा आकडे मोजायच्या आत ते परत मागं गेलेलं असायचं.

त्या वर्षी थंडीच्या तोंडाला शहरात प्लेग आला. गल्लीत दवंडी फिरली की घरात मेलेला उंदीर दिसला तर लगेच चावडीवर कळवायचं. ज्याच्या घरी सापडेल त्याचं घर रिकामं करायचं, कौलं काढून आत ऊन घ्यायचं, भिंतींना चुना मारायचा आणि माणसांनी गावाबाहेर छपरांत जाऊन राहायचं. तेव्हा महाराज गादीवर येऊन थोडीच वर्षं झाली होती. दरबारची माणसं घोड्यावरून गल्ल्यागल्ल्यांतून फिरायची, आणि घोड्याच्या टापा ऐकू आल्या की आम्ही मुलं दारं लावून घ्यायचो.

त्याच आठवड्यात नेसरीहून पाहुणे अक्काला बघायला येणार होते. आप्पांनी चंदगडकडचा वासाचा तांदूळ मुद्दाम मागवला होता. घर झाडून-पुसून झालं होतं. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी माजघरात सागरगोटे खेळत होते. एक गोटा घरंगळत कपाटामागं गेला. मी काठी घालून तो ओढायला लागले, तर गोट्याबरोबर उंदीरही ओढला गेला. मेलेला होता. अंग अजून मऊ होतं.

मी दहा वर्षांची होते. इतकं मात्र मला कळत होतं की हे सांगितलं तर उद्या पाहुणे येणार नाहीत. आई सकाळपासून पुरणाची डाळ निवडत होती. अक्काची नवी साडी दोरीवर वाळत होती. मी दोन करवंट्यांत तो उंदीर धरला, परसातल्या उकिरड्यावर टाकला, वर पाला ओढला, हात राखेनं घासले आणि कुणाला काही बोलले नाही. मेलेला जीव शिवला म्हणून अंघोळ करायची असते, तीसुद्धा केली नाही.

पाहुणे आले. पुरणपोळी झाली, कटाची आमटी झाली, तो तांदूळ शिजला तेव्हा वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल. मुलाचे वडील धिप्पाड, मोठ्या आवाजाचे होते. जेवून हात धुता धुता त्यांनी तिथंच सांगून टाकलं, "पोरगी पसंत हाय आमाला. सुगी झाली की बोलवा." अक्का आत कपाटाआड उभी होती. ते गेल्यावर ती आपल्या जागेवर बसली, डोकं टेकलं आणि मला हळूच म्हणाली, "सुमे, नेसरी लई लांब हाय काय गं?"

"बैलगाडीनं जायचं," मी म्हणाले. मला तरी काय ठाऊक?

चौथ्या दिवशी तिला ताप भरला. काखेत गाठ आली. तापाच्या तिसऱ्या दिवशी दुपारी, गल्लीत ठोके चालू असताना, आईनं तिच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणायला सुरुवात केली आणि मला बाहेर सोप्यात काढलं. यापलीकडे मला लिहिता येत नाही. साठ वर्षं झाली, तरी येत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही घर सोडलं. पन्हाळ्याच्या वाटेवर आमच्या एका नातलगाचं शेत होतं, तिथं छप्पर घालून राहिलो. आई सगळी कामं करायची. पाणी गाळायची, भाकरी करायची, माझी वेणी घालायची. फक्त बोलायची नाही. माझ्या मनात एकच गोष्ट घोळायची, आणि ती सांगायला आईजवळ गेले की मी पाणी मागून परत यायची. अक्का कपाटाजवळच झोपायची. मी तो उंदीर दाखवला असता तर आम्ही त्याच दिवशी बाहेर पडलो असतो. ती वाचली असती की नाही हे मला आजही ठाऊक नाही. त्या वेळी मात्र मला खात्री होती.

होळी झाल्यावर घरी जायची परवानगी मिळाली. आप्पांनी कुलूप काढलं, दार लोटलं. आई उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. माजघर पांढरं झालं होतं. पांढरं म्हणजे इतकं, की परसाकडचं दार उघडल्यावर डोळे मिटून घ्यावे लागले. तुळयांवर शिंतोडे, फरशीवर ओघळ, आणि नाकात जाणारा तो चुन्याचा कोंदलेला, थंड वास. कोपरे राहिले नव्हते, सावल्या राहिल्या नव्हत्या. आई मागं वळली आणि सोप्यात दुकानाच्या पेटाऱ्यांजवळ जाऊन बसली.

ती आत आलीच नाही. परसात तीन दगड मांडून तिनं चूल केली. झोपायला सोप्यात. भांडं हवं असलं की मला आत पाठवायची. आप्पांना आधी वाटलं, चार दिवसांत सवय होईल. पंधरा दिवस झाले. "पांढरं काय वाईट हाय?" ते म्हणाले. "उलट उजेड जास्त. सांजच्याला जेवायला बरं." आई उठून परसातली चूल फुंकायला गेली. शेवटी वैशाखात वळवाचे ढग यायला लागले, परसातली चूल आता टिकणार नव्हती, आणि आप्पांनी तिच्यापुढं बसून सरळ विचारलं, "तुला करायचं तरी काय हाय?"

"मला ती भिंत नको," आई म्हणाली. शेतावरून आल्यापासूनचं हे तिचं सगळ्यात लांब वाक्य.

आप्पा उठले आणि दस्तगीरचाचांना घेऊन आले. चाचा रंगारी होते. चुना भिजवणं, गिलावा, देवळांच्या शिखरांपासून गोठ्यापर्यंत रंगाचं काम त्यांच्याकडे असायचं. उंच, वाळलेले, दाढीला कायम पांढरे ठिपके. आईला ते वैनी म्हणायचे. आमच्या घरची रीत त्यांना माहीत होती. रंग भिंतीला धरावा म्हणून बाकीचे लोक चुन्यात सरस घालतात, तो जनावरांच्या कातड्या-हाडांचा असतो, म्हणून आमच्यासाठी ते बाभळीचा डिंक घेऊन आले. आईनं त्यांना चुन्यात घालायचं पाणीही कापडातून गाळून दिलं, आणि चुना चार दिवस निवू द्यायला लावला. "अंगाला चटका न्हाय बसला पायजे, मगच लावा," ती म्हणाली. चाचांनी मान डोलावली.

मग सुरू झाली रंगाची शोधाशोध. चाचांनी परसात मातीची सहा-सात गाडगी ओळीनं मांडली. एकात नुसता चुना, बाकीच्यांत चुन्यात पिवडी म्हणजे पिवळी माती, कुठं चिमूटभर गेरू, कुठं काजळी. केकताडाच्या धाग्यांच्या कुंचल्यानं ते भिंतीवर तळहाताएवढा एक चौकोन ओढायचे. पण ओला चुना फसवा असतो. "वल्ला हाय तवर त्यो खोटं बोलतो वैनी," चाचा म्हणायचे, "सकाळी वाळला की खरं सांगतोय." त्यामुळं दिवसाला दोन-तीनच चौकोन व्हायचे. दुसऱ्या दिवशी आई उंबऱ्याबाहेर उभी राहून आत बघायची आणि निकाल द्यायची.

"ह्यो हळदीचा झाला. लग्नघरासारखा."

चाचांनी पिवडी निम्मी केली.

"ह्यो आजारी माणसाच्या तोंडासारखा दिसतोय."

चाचांनी किंचित गेरू टाकला.

"चांगला हाय. पर बस्तीत देवापुढं शोभंल, घरात न्हाय."

काजळी घातलेला चौकोन बघून आप्पा खूश झाले, म्हणाले, हाच की तो जुना. आईनं मान हलवली. "ह्यो मळका हाय. आपली भिंत मळकी नव्हती. वापरलेली व्हती."

आप्पा वैतागून दुकानात निघून गेले. चाचा मात्र एका शब्दानं चिडले नाहीत. एकदा त्यांनी चुन्यात ताकाची निवळी घातली, एकदा गुळाचं पाणी, एकदा कात विरघळवून चार थेंब. भिंतीवर चौकोनांची रांग वाढत चालली. साय, लोणी, ताक, तूप, शेवंती, कोऱ्या खादीचा, जुन्या कागदाचा. मी पाटी घेऊन त्यांना नावं द्यायची, म्हणजे चाचांना मिश्रण लक्षात राहील.

परवा माझी नातसून तिच्या नव्या बंगल्यासाठी दुकानातून रंगांचं पुस्तक घेऊन आली. गुळगुळीत कागदावर नुसत्या पांढऱ्याचेच चौदा तुकडे, प्रत्येकाखाली इंग्रजी नाव. "आजी, दिवाणखान्याला यांतला कुठला? मला पांढरा नको, पिवळाही नको, मधला ऊबदार हवा," ती म्हणाली. मी चष्मा लावून बराच वेळ बघत बसले. तिला वाटलं मला दिसत नाही.

दहाव्या की अकराव्या दिवशी चाचा कुंचला धुता धुता थांबले. मी उंबऱ्यात बसले होते, आई माझ्यामागं उभी होती. चाचा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाले, "वैनी, एक सांगायचं ऱ्हायलंय. ह्या भिंतींना तवा चुना मीच मारला. दरबारनं आमा सगळ्यांना धरून कामाला लावलं व्हतं. ह्या गल्लीतली सगळी घरं मीच केली. करून घरी गेलो तर आमची बायको तापात पडलेली. पाच दिवसांनी माझ्या घरालाबी मीच चुना मारला."

आई माझ्या खांद्यावरून पुढं वाकली. मग म्हणाली, "घर तसंच ठेवलंय?"

"तसंच हाय."

"बघवतं तुमाला?"

"न्हाय बघवत. पर जाणार कुठं?"

मग आईनं हात लांब करून, उंबरा न ओलांडता, कपाटाशेजारच्या त्या जागेकडे बोट केलं. "तिथं एक डाग व्हता. तेलाचा. डोक्याएवढा."

चाचांनी त्या जागेकडे पाहिलं. त्यांना आठवलं असावं, कारण त्यांचा चेहरा उतरला. "व्हता," ते म्हणाले. "तेलावर चुना धरत न्हाय. म्हणून मी ईट घिऊन घासून काढला. मला ठावं नव्हतं वैनी."

"तुमाला कसं ठावं असणार," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावून परसात गेली.

त्या क्षणी मला कळलं की आई इतके दिवस काय शोधत होती. आणि मला हेही ठाऊक होतं की जुनी भिंत घरात एका ठिकाणी शिल्लक आहे. शेतावरून परत आलो त्याच दिवशी, सगळे सोप्यात असताना, मी कपाटाशी वाकून मागं बघितलं होतं. कशासाठी, ते मला सांगता आलं नसतं. दुसरा उंदीर असेल म्हणून असेल, किंवा त्या उंदराचं काही उरलंय का हे बघायला असेल. ते कपाट शिसवी, दोन-तीन माणसांना न हलणारं. घाईच्या दिवसांत चाचांनी ते न हलवताच भोवतीनं चुना मारला होता. मागं तोच रंग होता, जसाच्या तसा.

दोन दिवस मी गप्प राहिले. सांगायचं तर तिथं का बघितलं ते विचारतील.  तिसऱ्या दिवशी सकाळी चाचा गाडगी मांडत असताना मी एकदम मोठ्यानं बोलले, "कपाटाच्या मागं हाय. जुना रंग मागं हाय."

आप्पा, चाचा आणि शेजारचे दोन तांबट लागले तेव्हा कपाट हललं. फरशीवर घासत, किंचाळत ते बाजूला झालं आणि त्यामागून भिंतीचा एक उभा पट्टा दिसला, माणसाच्या उंचीहून मोठा. जाळ्या होत्या, धूळ होती, आणि त्याखाली आमचं घर होतं. दोन्ही बाजूंच्या चुन्यात तो पट्टा एखाद्या उघड्या दारासारखा दिसत होता.

आई उंबरा ओलांडून आत आली. पहिल्यांदा. सरळ चालत गेली आणि दोन्ही तळवे त्या भिंतीवर ठेवून उभी राहिली. तांबट गुपचूप निघून गेले, आप्पांना गिऱ्हाइकाची हाक आली, आणि चाचा "मी चुना कालवतो" म्हणून परसात गेले. आम्ही दोघीच उरलो.

"तुला कसं कळलं?" आईनं भिंतीकडे बघतच विचारलं. "तिथं कशाला बघितलंस?"

मी सांगितलं. गोटा, काठी, करवंट्या, उकिरडा, पाला. पाहुण्यांचं. अंघोळ केली नाही तेही सांगितलं. सांगताना मी तिच्याकडे बघत नव्हते, तिच्या पायांकडे बघत होते. जोडवी घासून पातळ झाली होती. सांगून संपलं तरी ती हलली नाही. मला वाटलं ती आता मारेल, आणि मला ते हवंही होतं.

"कवा सापडला?" तिनं विचारलं.

"पाहुणे यायच्या आदल्या दिशी."

आईनं भिंतीवरचे हात काढले. माझ्यापुढं खाली बसली, इतकी जवळ की तिच्या श्वासाला येणारा वेलदोड्याचा वास मला आला.

"मला त्याच्याबी आदी सापडलता," ती म्हणाली. "दोन दिस आदी. कोठीत, जोंधळ्याच्या कणगीमागं. मी राखंत घालून टाकला. पुरण शिजवायचं व्हतं मला." माझी हनुवटी वर करून ती म्हणाली, "तुझा दुसरा व्हता सुमे. पयला माझा."

मग तिनं माझं डोकं आपल्या मांडीवर दाबून धरलं आणि त्या घरात अक्का गेल्यापासून पहिल्यांदा आम्ही दोघी मोठ्यानं रडलो. बाहेर चाचांच्या गाडग्यातला काठीचा आवाज थांबला आणि बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू झाला.

त्या दिवशी आईनं चाचांना आत बोलावलं. पट्ट्यावरची धूळ फडक्यानं पुसली आणि म्हणाली, "ह्यो बघून करा." चाचांनी गाल भिंतीला लावल्यासारखा चेहरा जवळ नेला, डोळे बारीक केले. पिवडी चिमूटभर, गेरू सुईच्या टोकावर मावेल इतका, ताकाची निवळी, आणि चुलीतली चाळलेली राख. दुसऱ्या दिवशी चौकोन वाळला. जुन्यापेक्षा तो उजळ होता. तसाच नव्हता, पण आपला वाटत होता. चाचा म्हणाले, "येवढाच येतोय वैनी. फुडचं काम माज्या हातातलं न्हाय, चुलीचं हाय. दोन-तीन वर्सं धग लागली की येईल जवळ."

आई चौकोनासमोर उभी राहिली. मागून परसाचं ऊन त्यावर पडलं होतं. "न्हाय आला तरी चालंल," ती म्हणाली. "ह्योच लावा." आणि चाचा पट्ट्याच्या कडेला थांबले तेव्हा तिनं स्वतःच सांगितलं, "मागंबी मारा. सगळीकडं येकच असू दे."

लावायच्या आधी मी आणि तिनं मऊ फडक्यांनी सगळ्या भिंती झाडल्या, मुंग्या सुपात घेऊन परसात सोडल्या. तीन दिवस काम चाललं. चाचांनी शेवटचा हात फिरवला, गाडगी पालथी घातली आणि जाताना आईनं त्यांना उरलेला रंग एका मडक्यात भरून दिला. त्यांनी तो कुठं वापरला हे मी विचारलं नाही. पुढं कधीतरी आप्पांबरोबर त्यांच्याकडे गेले तेव्हा मला तो त्यांच्या भिंतीवर दिसला.

त्या संध्याकाळी चूल आत पेटली. ज्वारीच्या भाकऱ्या, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी, दही. ऊन तिरपं होऊन भिंतीवर आलं होतं आणि सगळ्या घराला पिठासारखा रंग चढला होता. आप्पांनी पहिला घास घेतला आणि भिंतीकडे बघून "बरा हाय" म्हणाले. आईनं वाढता वाढता पळी खाली ठेवली.

"अवो, मला सांगायचं हाय. पाहुणे यायच्या आदी मला कोठीत उंदीर सापडलता. मी कुनाला सांगितलं न्हाय."

माझं नाव तिनं घेतलं नाही. मी ताटाकडे बघत राहिले. आप्पांचा हात ताटावरच थांबला. बाहेर ठोके चालू होते, मी ते एकेक करून ऐकत होते. आप्पांनी आईकडे पाहिलं. मग त्यांनी आपल्या ताटातली भाकरी मोडली, अर्धी उचलली आणि आईच्या रिकाम्या ताटात ठेवली.

"बस," ते म्हणाले. "तू बी जेव."

त्यानंतर त्या घरात हा विषय निघाला नाही. मी शिकले, मास्तरीण झाले, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेले. दर दोन-चार वर्षांनी चाचा, आणि ते थकल्यावर त्यांचा मुलगा, माजघराला हात द्यायला येत राहिले.

आई गेली तेव्हा आप्पा फार म्हातारे झाले होते. तिचे दिवस झाल्यावर मी निघायच्या आधी दुकानात त्यांच्याजवळ बसले. मनात इतकी वर्षं साठलेलं एकदम ओठांवर आलं. मोठी झाल्यावर मला वारंवार वाटायचं, आईला उंदीर सापडलाच नसेल. दहा वर्षांच्या पोरीला तिनं त्या दोषातून जागच्या जागी सोडवलं असेल. आणि एकदा सांगितल्यावर ते खरं करायला आप्पांपुढंही तेच बोलली असेल.

"आप्पा," मी विचारलं, "आईला कोठीत खरंच उंदीर सापडलता?"

आप्पा हातातल्या लोट्याला टिचकी मारत होते. त्यांनी नाद ऐकला, पण लोटा कुठंच ठेवला नाही.

"तिनं सांगितलं तेवढंच मला ठावं," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मलाबी सापडलता की. हितं, दुकानात. पेटाऱ्याखाली."

"कवा?"

"तिच्याबी आदी," आप्पा म्हणाले.

माझ्या उंदराबद्दल मी त्यांना कधी बोलले नव्हते. आईनं सांगितलं होतं का, हे आता कुणाला विचारणार? दोघांचे उंदीर खरे असतील, एकाचाच खरा असेल, किंवा एकही नसेल. पण दोघांनीही आपापला उंदीर माझ्या आधीचा सांगितला. मी आणखी काही विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात पायरीवर गिऱ्हाईक आलं आणि आप्पा "या पावणं" म्हणून गुडघ्यावर हात टेकून उठले.